तिटकाऱ्यासाठी इंग्रजी शब्द

ल्याओताईंनी हात पुढे केला आणि सगळा वर्ग खदखदून हसला, पण चुआंग पेइ-छीच्या घशाशी काहीतरी आंबट आलं. झालं होतं एवढंच. सकाळच्या बायकांच्या इंग्रजी वर्गात ती रागलोभाचे शब्द शिकवत होती. लोभाचे मागच्या खेपेला उरकले होते, आज नुसते रागाचे होते. मागच्या बाकावरच्या ल्याओताईंना तिने विचारलं, "लोद म्हणजे काय, सांगा बघू." ल्याओताई उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीकडे झुकलेली बाई, बाजारात स्वतःचं चहाच्या पत्तीचं दुकान, दोन्ही मुलं कॉलेजात, नवऱ्याला चारचौघांत गप्प बसवणारी. त्यांना शब्द आठवेना. त्यांनी ओठ चावला, मान खाली घातली, आणि कुणी काही बोलायच्या आत उजवा तळहात उताणा करून समोर धरला, डावा हात पाठीमागे. छडीची वाट बघत क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग स्वतःच दचकल्या. "अगंबाई! हे काय करतेय मी!" म्हणत त्यांनी हात झटकला, तोंडावर घेतला आणि इतरांच्या हसण्यात सामील झाल्या. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ताई, फी भरून मार खायला आलात की काय!" त्यावर आणखी एक खसखस पिकली. पेइ-छीसुद्धा हसली, कारण बाईंनी हसायला हवं होतं. पण तो तळहात तिने पाहिला होता. बोटं घट्ट जुळवलेली, अंगठा आत मुडपलेला, म्हणजे छडी हाडावर बसू नये. असा अंगठा मुडपायला एकाच शाळेत शिकवत असत.

"कुठली हो शाळा तुमची?" तिने फळा पुसता पुसता सहज विचारल्यासारखं विचारलं. ल्याओताईंनी नाव सांगितलं. तीच. "वेइ सरांचा इंग्रजीचा वर्ग," त्या अभिमानाने म्हणाल्या. "शंभराला एक मार्क कमी की एक छडी. आज दुपारी त्यांच्या ऐंशीच्या वाढदिवसाचं जेवण आहे ना, मी इथून परस्पर तिकडेच निघालेय." पेइ-छी म्हणाली, "मीही." बस्स, एवढंच. मग बायकांनी चीत्कार केले, बाई आणि ल्याओताई गुरुभगिनी निघाल्या म्हणून टाळ्या पिटल्या, आणि पेइ-छीने पुन्हा फळ्याकडे तोंड केलं, कारण तोंड कुठेतरी करायला हवं होतं.

हे शब्द ती वीस वर्षं शिकवत होती. इंटरनेटवर तिचं एक सदर होतं, परीक्षेला बसणारी हजारो चिनी मुलंमुली ते वाचत. कुणालाही विचारा, चीड, आकस, डूख, तिटकारा यांतले इंग्रजी फरक चुआंगबाईंइतके नीट कुणी सांगत नाही. ती व्याख्या देत नसे. शब्दाला माणूस लावून देत असे. हेट म्हणजे पोरासोरांचा शब्द, दुधी भोपळ्यालाही चालतो. रिझेंट म्हणजे तुम्ही जाऊबाईंना ताटात वाढताय, हसताय, आणि आतल्या आत दात खाताय. ग्रज पाळायचा असतो, त्याला रोज थोडं थोडं खाऊ घालावं लागतं. डिस्पाइज करायला आधी वरच्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं. आणि लोद? लोद मनाला विचारून होत नाही. माणूस खोलीत आला की घसा आपोआप आवळतो, कातडी आक्रसते, ते लोद. बायकांना हा धडा फार आवडे. आपल्या बोलीत ज्या सासूबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत, तिच्या हातच्या सुरणाच्या सूपाला त्या परक्या भाषेत खुशाल शिव्या घालत आणि खाऊन तृप्त झाल्यासारख्या खाली बसत. बाईंनी एवढी वाक्यं कुठून जमवली, असं कुणी विचारलं तर पेइ-छी म्हणे, वाचनातून. खोटं साफ. त्या सगळ्या वाक्यांत एकच माणूस होता. कधी त्याला काका केला होता, कधी साहेब, कधी शेजारी. नावं बदलत राहिली होती आणि शब्द पोसत राहिले होते. वेइ सर नसते तर तिचं सदर चाललं नसतं, हेही तिला ठाऊक होतं, आणि त्याची किळस तर तिला सर्वांत जास्त होती.

शाळेतल्या मॉनिटर होंगचा मागेच फोन आला होता. आता दाढा उपटतो, मोठा दवाखाना आहे, पण बोलणं अजून मॉनिटरचंच. "पेइ-छी, जेवणाच्या वेळी तुला बोलायचंय. आणि इंग्रजीत बोलायचं हं! एवढी पोरं गेली सरांच्या हाताखालून, इंग्रजीची बाई झालेली तू एकटी. म्हातारा नुसता खूश होईल बघ. मूत्रपिंडं गेलीयेत त्यांची, एक दिवसाआड सुया टोचून घेतात. पुढचा वाढदिवस दिसेल न दिसेल." ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की होंगलाच संशय आला असावा, त्याने पुन्हा विचारलं. फोन ठेवताना तिचं ठरलं होतं. आभार मानायचे नाहीत. जे वाटतं ते म्हणायचं, त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच भाषेत, एकही शब्द मऊ न करता. आज नाही म्हटलं तर म्हातारा निघून जाईल आणि हे सगळं तिच्याच अंगात शिळं होत राहील, तिच्या म्हातारपणापर्यंत. वाक्यं तिला तोंडपाठ होती. पाठ करायला तिला कधीच त्रास झाला नव्हता.

ल्याओताईंच्या स्कूटरवर मागे बसून ती निघाली. दुपारचं ऊन डांबरावर तळपत होतं. वळणावर कुजवलेल्या टोफूची गाडी होती, तेलाचा वास हेल्मेटात शिरून आतच राहिला. ल्याओताई मान मागे टाकून ओरडत बोलत होत्या. "तुमच्या वेळेला काय होतं? आमच्या वेळेला वेत. नंतर म्हणे त्या गरम गोंदाच्या बंदुकीत घालतात तसल्या जाड कांड्या आल्या." "आमच्याकडे दोन्ही," पेइ-छी म्हणाली. "कांडी वळ उठवत नाही, नुसती आतून दुखते." "तेच तेच! आणि आदल्या दिवशी हाताला आलं चोळायचो आम्ही, कातडी बधिर होते म्हणून. काही होत नव्हती मेली! पण बाई, काही म्हणा, मार खाल्ला म्हणून माणसात आलो." सिग्नलला स्कूटर थांबली. पेइ-छीने विचारलं, "इंग्रजी आलं का मग?" ल्याओताई एवढ्या हसल्या की स्कूटर डुलली. "कुठलं येतंय! आलं असतं तर तुमच्याकडे कशाला भरते फी?" सिग्नल सुटला. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही. त्यांच्या पाठीवर घामाचा ओला नकाशा उमटला होता आणि पेइ-छीचा हात तिथे टेकला होता, दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती.

ल्याओताईंना चाळीस मार्कांबद्दल मार मिळत असे, घाऊक, सगळ्यांसारखा. पेइ-छीचं तसं नव्हतं. तिला शहाण्णव पडत, सत्त्याण्णव पडत. चार छड्या, तीन छड्या. पण त्या मोजून, थांबून थांबून, इतरांपेक्षा जोरात. "बाकीच्यांना मारतो कारण ते गाढव आहेत," सर वर्गाला सांगत. "हिला मारतो कारण ही नाही." आणि तास संपला की शिक्षकांच्या खोलीत बोलावत. तिथे टेबलाच्या खणातून हिरव्या मलमाची डबी निघे. तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून ते अंगठ्याने मलम चोळत, हळूहळू, वळाच्या कडेकडेने. करंगळीचं नख लांब वाढवलेलं, पिवळं, ते मध्येच तिच्या मनगटाला लागे. इतर शिक्षक वह्या तपासत बसलेले असत, कुणाला यात वावगं दिसत नसे. वावगं नव्हतंही, हात पुढे कुठे गेला नाही कधी. मग शर्टाच्या खिशातून एक खारवलेलं आलुबुखार निघे, उघडंच, अंगाच्या उबेने चिकट झालेलं, त्याला सिगारेटच्या तंबाखूचा चुरा लागलेला. "खा." ते तिथेच, त्यांच्यासमोर खायचं. बी त्यांच्या तळहातावर काढून द्यायची. तंबाखूचे कण दाताखाली येत आणि ती गिळे. घरी जाऊन दात घासले तरी जीभ खारट राही. आजही कुठे लग्नाकार्यात आलुबुखाराची बशी आली की ती उठून जाते. हे सगळं तिने आईला सांगितलं होतं. आई दुसऱ्याच दिवशी पेरूंची पिशवी घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, "सर, हाडं तेवढी शाबूत ठेवा, बाकी माझं काही म्हणणं नाही." सर हसले. आईपण हसली. पिशवीतले पेरू इतके पिकले होते की खोलीभर वास सुटला होता.

आणि खरी घाण अशी, जी तिने कुठल्याही वाक्यात, कुठल्याही काकाच्या नावावर कधी लिहिली नाही, ती ही की ज्या दिवशी तिला शंभरपैकी शंभर पडत त्या दिवशी तिला चुकल्याचुकल्यासारखं होई. मार नाही, मलम नाही, आलुबुखार नाही. सर तिच्याकडे बघतसुद्धा नसत. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही, एकदाही नाही. शंभर म्हणजे नुसतं पुरेसं, तेवढं तर यायलाच हवं. शंभरच्या कागदावर ते लाल शाईने तारीख घालत आणि पुढचं नाव पुकारत. तो कागद घेऊन बाकावर परतताना तिला रडू यायचं. छे! हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर लाल टेबलक्लॉथांची गोल टेबलं मांडली होती. मधल्या टेबलाशी वेइ सर बसले होते. केवढेसे राहिले होते! कोटाच्या बाह्यांत हात हरवलेले, दंडाला सुयांचं बँडेज, खालचा ओठ लोंबलेला. डुकराचा पाय घातलेल्या शेवया त्यांच्यासमोर होत्या, कारण दीर्घायुष्याला त्या लागतात, आणि सरांची सून त्या कात्रीने बारीक कापून भरवत होती. एक शेवई हनुवटीवर चिकटली होती. पेइ-छीला वाटलं होतं दया येईल, दयेने सगळं बिघडेल, त्याची तिला भीती होती. दया आली नाही. ती शेवई बघून तिचा घसा आवळला आणि तिला हायसं वाटलं. होंगने ओळख करून दिली, "सर, चुआंग पेइ-छी." सरांनी डोळे बारीक केले. "सत्त्याण्णव," ते म्हणाले. आसपासची मंडळी हसून हसून बेजार. काय स्मरणशक्ती! ह्याला म्हणतात शिक्षक!

मग ते सुरू झालं. खेकड्याचा चिकट भात टेबलावर आला तेव्हा होंगने पाठीमागून एक वेत काढला, लाल रेशमी फीत बांधलेला, आणि सरांच्या हातात दिला. "सर, आमचे राहिलेले मार्क वसूल करा!" झालं, रांगच लागली. दाढांचा डॉक्टर, दोन वकील, बँकेत मॅनेजर झालेली एक जाडी बाई, सगळी पंचेचाळिशी पन्नाशीची माणसं, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली. तोंडाला भाताचं तेल, आणि एकेक जण पुढे होऊन तळहात उताणा करतोय, अंगठा मुडपतोय, सर वेत टेकवल्यासारखा मारतायत, दुसरा कुणीतरी फोटो काढतोय. "आई गं! सर, अजून तीच धार हं!" "सर, मला एक जास्त, मी कॉपी केली होती!" खिदळणं, कंठ दाटून येणं, सगळं एकात एक. पेइ-छी खुर्चीला चिकटून बसली होती. तिने आपली ताटली दूर सारली. ही माणसं मारामुळे मोठी झाली की मार खाऊनही मोठी झाली, हा हिशोब यांतल्या एकालाही कधी सुचला नसेल. यांना सरांनी गाढव म्हटलं होतं, डुकराची अवलाद म्हटलं होतं, आणि ही त्यांना पेढीवरचं व्याज आणून देतायत. ल्याओताईही रांगेत होत्या. परत येऊन बसल्या तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा उतरलेला.

"लागलं का?" पेइ-छीने विचारलं.

"कुठलं! ताकदच नाही हो राहिली त्यांच्यात," त्या म्हणाल्या आणि तळहाताकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, जरा रागावून म्हणाल्या, "त्यांना माझं नावपण आठवलं नाही. तीन वर्षं रोज मारलं मला. नाव नाही आठवलं."

तेवढ्यात होंगने पेल्यावर चमचा वाजवला. आता आपली इंग्रजीची बाई बोलणार, म्हणाला, आणि इंग्रजीत, तेव्हा सगळ्यांनी कान साफ करा, नंतर चाचणी आहे. हशा. पेइ-छी उठली. आवाज स्वच्छ निघाला, वर्गातल्यासारखा. सरांकडे बघून ती बोलू लागली. हेट हा शब्द तिने मुद्दाम टाळला, तो पोरासोरांचा, आणि तो इथे प्रत्येकाला कळला असता. ती म्हणाली, "सर, मी तीस वर्षं तुमच्यावर डूख धरून आहे. त्या डुखाला मी रोज खाऊ घातलं आहे. तुमच्या वेताचा मला राग आहे, पण तुमच्या मलमाचा मला तिटकारा आहे. तुम्ही आमच्या हातांवर चढून उंच झालात, म्हणून तुम्ही मला तुच्छ वाटता. तुमच्या खिशातलं जे मी गिळलं त्याची चव अजून गेलेली नाही. या खोलीतल्या प्रत्येकाने तुमचे आभार मानले. मी मानत नाही. तुम्हाला पाहिलं की माझं अंग आक्रसतं. हे तुम्ही जिवंत असताना तुम्हाला कळावं, म्हणून मी आज आले."

रिझेंट, ग्रज, डिस्पाइज, लोद, आणि लोदचाच मोठा भाऊ ॲबॉर, एकही गाळला नाही. बोलताना तिने खोलीकडे बघितलं होतं. सगळे चेहरे वर झालेले, प्रसन्न, ओठांवर कौतुकाचं हसू, आणि डोळ्यांत काहीही नाही. डॉक्टर होंग मान डोलावत होता, चुकीच्या जागी. जाडी बाई रुमालाने डोळे टिपत होती. तीन वर्षं रोज मार खाऊन या माणसांना इंग्रजीतलं एक वाक्य कळत नव्हतं. फक्त ल्याओताईंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या होत्या. आजच सकाळी शिकलेले शब्द. त्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर, तोंड किंचित उघडं, आणि चेहरा असा उजळला होता जसा पेइ-छीने वर्गात कधीच पाहिला नव्हता. कुणीतरी त्यांच्या वाटचंही बोलत होतं. शेवटचं वाक्य संपलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय फाडफाड बोलते हो! परदेशात राहिल्यासारखी!"

वेइ सरांना सगळं कळलं होतं. त्यात शंका नव्हती. पहिल्या वाक्यालाच त्यांनी सुनेचा हात बाजूला सारला होता आणि पुढे वाकून ऐकत होते, डोळ्यांवरचा धूसर पडदा गळून पडल्यासारखे, वर्गात पाठ ऐकताना बसत तसे. आता त्यांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. पेइ-छीला वाटलं, आता रागावतील. रडतील. किंवा छातीला हात लावून खाली कोसळतील, तर कोसळोत.

"लोद," ते म्हणाले. "हा शब्द आपल्या पुस्तकात नव्हता."

"नव्हता, सर."

"ॲबॉरही नव्हता."

"नव्हता."

"स्वतः शिकलीस."

"हो, सर."

त्यांनी सावकाश मान हलवली आणि खोलीकडे वळून, आपल्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत? याला म्हणतात इंग्रजी. एक उच्चार चुकला नाही. एक नाही. आयुष्यभर घसा फोडला मी, त्यातून ही एक पोरगी निघाली." मग पुन्हा तिच्याकडे बघून म्हणाले, "शाबास, पेइ-छी. शंभरपैकी शंभर."

ते ढोंग करत होते की त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि त्या क्षणी तिला त्याची पर्वाही नव्हती. कारण तिच्या छातीतून काहीतरी ऊन ऊन वर चढत होतं, गळ्यापर्यंत, कानांपर्यंत. तिने त्याला थांबवायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण तो आनंद होता. साधा, धडधडीत, बारा वर्षांच्या पोरीचा आनंद. एवढी वर्षं शब्द पाठ केले, सदर लिहिलं, फरक समजावले, ते सगळं या एका वाक्यासाठी केल्यासारखं वाटलं. तिची कंबर आपोआप वाकली. अगदी खोल, कपाळ टेबलक्लॉथला लागेल इतकी.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

पुन्हा टाळ्या झाल्या, फोटो निघाले, होंगने कुणाला तरी म्हटलं की बघ, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली. गाल गरम झाले होते, आणि चेहऱ्यावरचं हसू तिला पुसता येईना. ते हसू आपल्याला आवरत नाही हे कळून तिने पेला तोंडाला लावला, तरीही ते जाईना. शेजारी ल्याओताई बसल्या होत्या. सकाळच्या धड्यातला शब्द न् शब्द त्यांना समजला होता, आणि नंतरचं कंबरेत वाकणं समजायला तर कुठली भाषाच लागत नव्हती. त्यांनी पेइ-छीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या जराशा उठल्या आणि आपली खुर्ची पलीकडे सरकवून बसल्या.